मेश्रामांनी जपलेली तांब्याची नळी

शालिक मेश्राम गेल्याचं मला साकोलीच्या बसस्टँडवर कळलं. जुन्या बारदान्याच्या भावावरून एका व्यापाऱ्याशी माझी चांगलीच जुंपली होती, तेवढ्यात लाखांदूरच्या गाडीतून उतरलेला एक ओळखीचा शेतकरी जवळ आला आणि म्हणाला, "शेठजी, तुमचा तो विमानवाला मेश्राम गेला जी. परवाच्या पहाटे. चहा घेतला आन् खुर्चीतच मान टाकली." मी 'हो का' म्हटलं आणि पुन्हा बारदान्याकडे वळलो. पण मला भावच सुचेना. समोरच्यानं जो सांगितला त्याला मी हो म्हणून टाकलं, तेव्हा तोच चपापून माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं... म्हणे 'तुमचा मेश्राम'! नऊ वर्षं मी त्या माणसाशी बोललो नव्हतो. खोटं कशाला लिहू, त्या घटकेला मला सुटल्यासारखं वाटलं. ज्यानं माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या तालुक्यासमोर माझी मान खाली घालायला लावली, तो आता रस्त्यात कधी समोर येणार नव्हता. आज सहा आठवड्यांनी मी हे लिहायला बसलो आहे तेही सुटल्यासारखं वाटतं म्हणूनच. मात्र हे सुटणं वेगळं आहे, आणि ते कसं हे सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल.

आज माझी राइस मिल आहे, पण माझी सुरुवात दाभणानं झाली. दुसऱ्याच्या मिलमध्ये मी पोत्यांची तोंडं शिवायचो. पुढे थोडा तांदूळ घेऊन विकू लागलो. बपेऱ्याकडच्या एका मँगनीज खाणीच्या कँटीनला तांदूळ पोचवायचं काम मला मिळालं होतं. एकदा मी पोती उतरवून उघडी करून बसलो असताना खाणीच्या मालकाचं विमान शेजारच्या धावपट्टीवर उतरलं. लहानसं, एका इंजिनाचं, दोघांना बसायची जागा, पंख वरच्या बाजूला. त्याच्या पंख्यानं उडवलेली लाल धूळ थेट माझ्या तांदळावर. मॅनेजर आला, मूठभर तांदूळ हातात घेतला आणि म्हणाला, "हा असला माल आमाले नाही पायजे." मी बैलगाडी परत भरली. त्या दिवशी मनात जे बसलं ते वीस वर्षं निघालं नाही. खाण बंद पडून तिचं सामान विकायला निघालं तेव्हा लोक क्रशर आणि डिझेल इंजिनं पाहायला गेले. मी विमान पाहायला गेलो. ही सत्तरच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट.

विमानातलं मला काही कळत नव्हतं, म्हणून कळणारा माणूस शोधला. शालिक मेश्राम हवाई दलातून निवृत्त होऊन नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबात विमानांची देखभाल करत. त्यांची सही झाल्याशिवाय तिथलं विमान जमीन सोडत नसे, अशी त्यांच्या परवान्याची किंमत होती. गाव लाखांदूरजवळचं. वडील छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि पोराला शिकवायचं हे त्यांनी परतीच्या वाटेवरच ठरवलं, असं मेश्राम सांगत. उंच, काटकुळे, खिशाला दोन पेनं. विमानाला ते जहाज म्हणत. हवाई दलातली सवय.

मी त्यांना जीपमध्ये बजावलं होतं की मालाला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, तेव्हा तिथे फक्त नावं ठेवायची. तिथे पोचल्यावर त्यांनी दोन तास इंजिन पाहिलं, हात पुसले आणि खाणीच्या मॅनेजरसमोरच म्हणाले, "इंजिन एक नंबर हाये, शेठजी. असं जपलेलं इंजिन मी कमी पायलं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना बाजूला ओढलं. "तुमी कोनाच्या बाजूनं हाव जी?" तर शांतपणे म्हणाले, "मी कोनाच्याच बाजूनं नाई. जहाज पाहाले बोलावलं, जहाज पायलं." मग ते पंखाकडे गेले. हे पंख लाकडी सांगाड्यावर सुती कापड ताणून, त्याला रोगण लावून केलेले असतात. मेश्रामांनी पंखाच्या वरच्या अंगावर अंगठा ठेवला, जरा दाबला, आणि अंगठा पापडातून जावा तसा आरपार गेला. मॅनेजरचा चेहरा पडला. "कापड मेलं हाये. दोनी पंख नव्यानं मढवा लागतीन," मेश्राम म्हणाले. मी तासभर घसा कोरडा करूनही जे झालं नसतं ते त्या अंगठ्यानं केलं. परत येताना मी त्यांची पाठ थोपटली, तर म्हणाले, "मी तुमच्यासाठी नाई दाबलं जी. दाबाच लागते."

पंख मढवायचं काम माझ्या मिलच्या आवारात झालं, आणि तेच दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात. ठरावीक प्रतीचं कापड त्यांनी नागपूरहून मागवलं. ते सांगाड्याच्या प्रत्येक पट्टीला मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं असतं. त्यासाठी ते क्लबातली माणसं आणणार होते. मी म्हटलं, शिवणारी माणसं माझ्या मिलमध्ये ढीगभर आहेत. त्यांनी माझ्या पोती शिवणाऱ्यांना चार दिवस शिकवलं. मग मलाही राहवलं नाही. धोतर खोचून मीही लांब सुई घेऊन बसलो. कित्येक वर्षांनी हातात सुई आली होती. एक अख्खी ओळ शिवून मी ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक गाठ चाचपली आणि खिशातून कात्री काढून पूर्ण ओळ कापून टाकली. "हा टाका पोत्याचा झाला, शेठजी. पोतं फाटलं तं तांदूळ सांडते. पुन्ना शिवा." माझ्या आवारात, माझ्या माणसांसमोर! दुसरा कोणी असता तर मी त्याला फाटकाबाहेर काढला असता. मी पुन्हा शिवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कात्री काढली नाही. नुसतं "हं" म्हणाले. तो 'हं' ऐकून मला जे वाटलं ते पुढे मिल मोठी केली तेव्हाही वाटलं नाही. रोगणाचे थर चढले, पिकलेल्या केळ्यासारखा वास सगळ्या आवारात भरला, आणि कापड आकसून इतकं ताठ झालं की टिचकी मारली की ताशासारखं वाजे.

मिलच्या मागच्या माळावर मुरूम टाकून पट्टी केली. परवानग्यांसाठी दोन वर्षं नागपूर-दिल्ली केलं. उडवायला नागपूरचे पुराणिक नावाचे पायलट येत. देखभालीला मेश्राम. विमान म्हणजे उडणं, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की विमान म्हणजे उघडणं. सतत काहीतरी उघडायचं, पाहायचं, बदलायचं. प्लग बदला, तेल बदला, शेपटीच्या चाकाची स्प्रिंग कलकत्त्याहून मागवा. मी चिडायचो. "अहो, चालून राहिलं ना? मंग कायले बदलता?" ते म्हणत, "चालते म्हनून नाई बदलत. उडते म्हनून बदलतो." आणि त्यांची एक पद्धत होती. विमानातून जे काढलं, मग तो घासलेला वॉशर का असेना, ते वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या टेबलावर येई. सोबत सुतळीनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. वस्तू काय, कधी काढली, का काढली. खाली मालकाच्या सहीसाठी रेघ. बाकीची सगळी नोंद ते इंग्रजीत करत, पण माझी चिठ्ठी मराठीत, कारण मला इंग्रजी येत नाही हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं. "तुमचा माल, शेठजी. सही करा." मी म्हणायचो, भंगारात टाका ना. "तुमचा माल तुमी टाका. माझ्याकडं राह्यला तं उद्या तुमीच म्हनान, मेश्रामनं चांगला भाग काढून नेला." मी आयुष्यभर लोकांना शंकेनं पाहत आलो. माझ्या शंकेची सोय आधीच करून ठेवणारा हा एकच माणूस भेटला.

एक गोष्ट मात्र ते पुन्हा पुन्हा बजावत. विमान धानाच्या गोदामात ठेवायचं नाही. वेगळी, हवा खेळणारी शेड बांधा. मी शेड बांधली नाही. एवढं मोठं गोदाम असताना त्याच्या शेजारी आणखी एक छप्पर कशाला? पावसाळ्यात पंख उतरवून मी विमान धानाच्या थप्प्यांशेजारीच ठेवत असे आणि मेश्राम यायचे असले की आदल्या दिवशी बाहेर काढत असे. उंदीर पंखाच्या कापडाला लागतील ही भीती होती. त्यावर मीच तोड काढली. धानाला कीड लागू नये म्हणून थप्पीत विषारी गोळ्या ठेवून वरून ताडपत्री झाकतात. तीच ताडपत्री मी विमानावरूनही ओढली. त्याच गोळ्यांत दोन्ही कामं. किडे मरतील आणि उंदीरही. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

माझ्या मुलीचं, शोभाचं, लग्न ठरलं ते ऐंशीच्या आसपास. मी सगळ्यांना सांगून टाकलं की वरात मांडवात येईल तेव्हा माझ्या विमानातून झेंडूच्या पाकळ्या पडतील. पुराणिक उडवणार, शेजारी बसून पाकळ्या टाकणार माझा मुलगा प्रकाश. आजूबाजूच्या गावांतून माणसं बैलबंड्या जोडून निघाली. आणि इथे मला एक अशी गोष्ट लिहायची आहे जी मी बायकोशीही मोकळेपणानं बोललो नव्हतो. मेश्रामांना मी जी पत्रिका दिली ती त्यांच्या एकट्याच्या नावानं. बाकी सगळ्यांना 'सहपरिवार'. मुलाकडच्या काही म्हाताऱ्यांना पंगतीत कोण बसणार याची फार काळजी होती, आणि मी, ज्यानं कोणापुढे कधी मान तुकवली नाही असं समजतो, त्या मी ते ऐकून घेतलं. मेश्रामांनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि हसून म्हणाले, "घरी यशोधरा विचारून राह्यली होती, जहाजाले बोलावलं का मानसाले?" मी उसळलो. "तुमी जहाजाचं पाहा. पंगतीचं मी पाहीन." त्यांनी पत्रिका दोन पेनांमागे खिशात ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिन सुरू केलं. सुरुवातीला नीट चाललं, मग ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक बंद करून दुसरी तपासताना अडखळलं. त्यांनी बंद केलं, झाकण उघडलं आणि आत डोकं घालून बराच वेळ काहीतरी खरवडत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माझे व्याही, पुराणिक, प्रकाश, सगळे उभे होते. मेश्रामांनी विचारलं, "शेठजी, जहाज गोदामात होतं का? गोळ्या ठेवल्या होत्या का?"

"नाई," मी म्हटलं.

आता लिहायलाही लाज वाटते, पण असं झालं. सगळ्यांसमोर बोलणी खायची नव्हती, आणि गोळीनं उंदीर मरतो, इंजिनाला काय होणार, असंही वाटलं. मेश्रामांनी हात पुसले. "मंग मले समजत नाई. पन तांबं गेलं हाये. मी सही देत नाई." मी ओरडलो, शिव्या दिल्या, 'पत्रिकेचा राग काढून राह्यले का' असंही सर्वांदेखत म्हणालो. ते फक्त मान हलवत राहिले. पुराणिकांनी टोपी काढली. "मेश्रामांची सही नाही, तर मी बसत नाही." शेवटी पाकळ्या मिलच्या गच्चीवरून सुपांनी टाकल्या. व्याही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विमान पाहाले आलो होतो, सूप पाहून राह्यलो." मंडप हसला. शोभाही हसली, ती आजही त्या पाकळ्यांची आठवण काढून हसते. मला मात्र मॅनेजरनं परत केलेला तो लाल धुळीचा तांदूळ आठवत होता. दुपारी मेश्राम माझ्यापुढे वर्तमानपत्राची पुडी घेऊन आले. "तुमचा माल, शेठजी..." मी ती पुडी फेकून दिली. त्यांनी वाकून उचलली, पाकळ्या झटकल्या आणि एसटी पकडायला निघून गेले.

विमान मी पुढे उडवलंच नाही. रायपूरच्या एका संस्थेनं मुलांना शिकवण्यासाठी ते ट्रकवर घालून नेलं. मेश्रामांचं एक कार्ड आलं होतं, 'आपला माल माझ्याकडे आहे, सही करून घेऊन जावा.' मी ते फाडलं. मला तो टोमणा वाटला. पुढे एकदा बसस्टँडवर ते हात वर करून माझ्याकडे येताना दिसले. मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला चल म्हणालो. आरशात ते तसेच हात वर केलेले दिसले... ते त्यांचं शेवटचं दर्शन.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी यशोधराबाई आमच्या मिलवर आल्या. एकट्या, एसटीनं, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्रकाशनं खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. "शेठजी, हे तुमचं हाये. त्याइनं सांगून ठेवलं होतं, सही घेतल्याशिवाय देजो नको." डब्यात ती पुडी होती. आत वीतभर लांबीची तांब्याची नळी, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी. तांबं कसलं, कोळशासारखी काळी. प्रकाशनं ती हातात घेतली आणि जरा वाकवून पाहिली. टोकाजवळ ती चट्कन तुटली. तुटलेला तुकडा त्यानं डब्यात ठेवला. मग तो म्हणाला, "बाबा, मीच बसनार होतो ना त्याच्यात?"

मी नळीची चिठ्ठी वाचली. त्यांचं ते सरळ, ठाशीव मराठी अक्षर. 'पेट्रोलची नळी. शोभाताईच्या लग्नाच्या दिवशी काढली. तांबे कुजले, तडा आहे. हवेत तुटली असती. कारण, गोदामातल्या गोळ्यांचा वायू असावा. मालकांना विचारले, नाही म्हणाले.' खाली सहीची रेघ, रिकामी.

मी यशोधराबाईंना विचारलं. इतकी वर्षं जे विचारायला घाबरत होतो तेच विचारलं. "बाई, त्या पत्रिकेचा त्याइले राग आला होता का?"

"आला होता ना जी," त्या म्हणाल्या. "नवता आला, असं मी कायले म्हनू? मलेबी आला होता. पन ते म्हनत, रागानं सही अडवली असती तं मले कवाच झोप लागली नसती. झोप त्याइले चांगली लागे."

एवढं होऊनही मी लगेच सही केली नाही. माल पाहिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, हा माझा स्वभाव. यशोधराबाईंना मी आठवडाभराची मुदत मागितली. त्या म्हणाल्या, "नऊ वर्सं थांबले ते, मी आठ दिवस थांबन," आणि डबा उचलून परत गेल्या. गोदामात धानाला गोळ्या लावायच्याच होत्या. त्या ताडपत्रीखाली मी नव्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आणि देवघरातली घासून लख्ख केलेली तांब्याची पळी ठेवली. बायको ओरडली, ओरडू दिलं. आठव्या दिवशी ताडपत्री काढून, दारं उघडून, वारा खेळू दिला आणि मग आत गेलो. पळी काळी पडली होती. तार हातात घेतली तर बोटांना काळं लागलं. माझा मिस्त्री मागे उभा होता. म्हणाला, "शेठजी, गोदामातल्या मोटरची वायर दरवर्सी अशीच होते. तुमी मलेच म्हनता, हलकी वायर आनली मनून." खरं होतं. दरवर्षी मी त्याला शिव्या देत होतो. डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं.

त्याच दिवशी प्रकाशला घेऊन मी लाखांदूरला गेलो. यशोधराबाईंना मी आमच्याकडे या महिन्यात असलेल्या नातवाच्या नामकरणाची पत्रिका दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, अगदी मेश्रामांसारखी, आणि 'सहपरिवार' वाचून म्हणाल्या, "येईन जी. पन मी पयल्या पंगतीत बसन." मी म्हटलं, माझ्या शेजारी बसा.

मेश्रामांची खोली तशीच होती. खिडकीशी खुर्ची, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले नट आवळायचे पाने आकारानं लहानापासून मोठ्यापर्यंत, टेबलावर दोन पेनं. त्यांतलं एक मी उचललं. शाई अजून होती. चिठ्ठीवर 'नाही म्हणाले' हे शब्द होते, त्याच्या पुढे थोडी जागा उरली होती. बहुधा त्यांनी ती ठेवलीच होती. तिथे मी लिहिलं, 'होत्या.' मग रेघेवर सही केली.

यशोधराबाईंनी चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावर चढवला, सही चाचपल्यासारखी पाहिली.

"हं," म्हणाल्या, आणि नळी माझ्या हातात दिली.